मिरजेपुरती जाहिरात

अथणीहून आलेल्या त्या बाईंनी पिशवीतून मुलीचा बूट काढून माझ्यासमोर ठेवला, तेव्हा मी दुसऱ्याच एका बुटाला सोल चिकटवत होते. हात सोल्यूशनने माखलेले होते, म्हणून नुसती मान वाकवून पाहिलं. डाव्या पायाचा, आतून उंच केलेला बूट. ती उंची टाचेकडून पुढे इतकी सहज उतरत गेली होती की बाहेरून कुणाला कळू नये. कडेची शिलाई बारीक आणि सरळ. आमच्याच कारखान्यातला वाटावा असा बूट, पण तो मी केलेला नव्हता.

"हा कुठं केला?" मी विचारलं.

"तुमच्यातच की. पुण्याच्या दुकानात," बाई म्हणाल्या. "मोबाइलवर तुमच्या वडिलांचं नाव घातलं, तर पहिलं तेच आलं. आम्हाला वाटलं, तुम्ही सगळी मिरज सोडून पुण्याला गेलात."

मग दवाखान्यात कुणीतरी त्यांना सांगितलं की मिरजेतलं दुकान सुरूच आहे. बुटाचा पट्टा मुलीला काचत होता आणि तेवढ्यासाठी पुन्हा पुण्याला जाणं त्यांना जमणार नव्हतं. मी हात धुतले, पट्टा सैल करून दिला. बरोबर आलेली मुलगी तो घालून दुकानभर चालून आली. चाल चांगली होती. पुण्यात दुकान काढलेल्या माझ्या भावाने काम चोख केलं होतं, यात शंका नव्हती. त्या गेल्यावर मात्र माझं कामात लक्ष लागेना.

माझे वडील नरहरी आगवणे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. पोलिओ झालेल्या मुलांचे बूट, पायाला आधार देणारे कॅलिपर, एक पाय आखूड असलेल्यांचे उंच सोल, पुढे मधुमेहाच्या रुग्णांची मऊ पादत्राणं, हे सगळं त्यांनी मिरजेच्या एका गल्लीत बसून केलं. मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉक्टर कागदावर फक्त 'आगवणेंना दाखवा' एवढंच लिहायचे आणि बेळगाव, विजापूर, सोलापूरकडची माणसं विचारत विचारत आमच्या दारात यायची. मी लग्न होऊन गेले होते. नवरा वारल्यावर मुलीला घेऊन परत आले आणि अण्णांच्या शेजारी बसून काम शिकले. माझा धाकटा भाऊ जयवंत माझ्या कितीतरी आधी शिकला होता आणि त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता.

अण्णा गेल्यावर कळलं की कारखाना त्यांनी माझ्या नावावर केला होता. जयवंतला मिरजेतली जागा विकून पुण्यात मोठं दुकान टाकायचं होतं. मी नको म्हटलं. शब्दाने शब्द वाढत गेला आणि शेवटी त्याने आईला मध्ये घेतलं. माझ्याबरोबर पुण्याला चल, म्हणाला. आई नाही म्हणाली. तेव्हा तो सगळ्यांसमोर बोलला, की मग तुला मुलगा नाहीच असं समज. आई चुलीतल्या विस्तवासारखी लाल झाली. "परत मला तोंड दाखवू नकोस," असं ती त्याला म्हणाली. तो गेला. त्यानंतर ना फोन, ना दिवाळी. बायको सुवर्णा आणि लेक, सगळी पुण्यातच. धनकवडीत त्याने दुकान काढल्याचं आम्हाला लोकांकडून कळलं.

दुकानाचं नाव त्याने अण्णांचंच ठेवलं होतं. त्यात काही चूक होती असं मी म्हणू शकत नव्हते. बाप त्याचाही होता.

अथणीच्या बाई येऊन गेल्या, त्याच आठवड्यात मी सांगलीला रेवती आवटींकडे गेले. त्या एका बँकेच्या वरच्या मजल्यावर बसायच्या. आधी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत. ती नोकरी सोडून आता दुकानदारांच्या वेबसाइट सांभाळत होत्या. आमची साधी साइट त्यांनीच करून दिली होती. मी म्हटलं, माणसं आम्हालाच शोधतात आणि पोहोचतात भावाकडे. हे असं कसं होतं?

त्यांनी मला संगणकावर दाखवलं. अण्णांचं नाव आणि पुढे मिरज असं घातलं, तरी सगळ्यांत वर जयवंतचं दुकान. शेजारी बारीक अक्षरात 'जाहिरात' असं लिहिलेलं. आमची साइट त्याच्या कितीतरी खाली, पत्ते देणाऱ्या दुसऱ्या कुठल्या कुठल्या साइटींच्या गर्दीत.

"दोन रस्ते आहेत, शैलाताई," रेवतीताई म्हणाल्या. "एक म्हणजे जाहिरात. आज पैसे भरले की उद्या तुम्ही वर. मात्र कुणीही तुमच्या नावावर बोट ठेवलं की दर वेळी तुमच्या खात्यातून रक्कम जाते, मग तो माणूस तुमच्याकडे येवो न येवो. आणि भरणं थांबवलं, की तुम्ही दिसेनाशा होता. दुसरा रस्ता म्हणजे आपल्या आपण वर येणं. तुमच्या साइटवर लोकांच्या उपयोगाचं लिहायचं. मुलाच्या पायाचं माप घरी कसं घ्यायचं, पायाला मुंग्या येत असतील तर बूट कसा बघून घ्यायचा. लोक वाचायला लागले की हळूहळू तुम्ही वर सरकता. तिथं कुणी बोट ठेवलं तरी तुमचं काही जात नाही."

"हळूहळू म्हणजे किती?"

"सहा महिने. कदाचित वर्ष."

वर्षभर थांबण्यासारखी स्थिती नव्हती. कारखान्यात माझ्याखेरीज तीन माणसं होती, त्यांची घरं या कामावर चालत होती आणि कामं कमी कमी होत चालली होती. पण आपल्या बापाचं नाव आपणच पैसे भरून वर आणायचं, तेही आपल्या भावाला खाली ढकलून, हे माझ्या गळ्याखाली उतरेना. मी विचार करून सांगते म्हणाले. रेवतीताईंनी जाहिरात तयार करून ठेवली. तुम्ही हो म्हटलं की सुरू, म्हणाल्या.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मला आजही नीट आठवतं. एक शिलाई घातली की फोन उचलायचा, अण्णांचं नाव घालायचं, आणि वर कोण आहे ते पाहायचं. जयवंत. पुन्हा एक शिलाई, पुन्हा फोन. जयवंत. पडद्यावर सोल्यूशनचे डाग पडले होते. मला आता रेवतीताईंनी समजावलेलं असल्यामुळे मी वरच्या नावावर बोट ठेवत नव्हते. पूर्वी एकदा ठेवलं होतं. त्याची साइट उघडली, त्यात जयवंत स्वतः उभा होता आणि काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात मी घाईने ते बंद केलं होतं. त्याचा आवाज ऐकायची माझी तयारी नव्हती.

त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मला ती खाऊ लागली. आईने जन्मात कधी अण्णांचं नाव घेतलं नव्हतं. 'हे' म्हणायची, नाहीतर 'मालक'. उखाण्यापुरतं घेतलं असेल तेवढंच. आणि आता दुपारी जेवणं आटोपल्यावर मागच्या खोलीतून तिचा आवाज यायचा, "नरहरी आगवणे." स्पष्ट, एकेक अक्षर सुटं करून. मग थोड्या वेळाने कधी कधी परत, "नरहरी आगवणे."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कोयंड्याला हात लावून दाराशीच थांबले. आतून आणखीही काही पुटपुटल्यासारखं ऐकू येत होतं, पण आमच्या शिलाई मशीनच्या आवाजात ते नीट कळत नव्हतं. मला वाटलं, या वयात माणूस असंच मागे मागे जातं. अण्णांच्या आजारपणात तिने डोळ्याला पाणी येऊ दिलं नव्हतं, ते आता असं बाहेर पडत असावं. आत जाऊन तिला ओशाळं करावं असं मला वाटेना. एखाद्या डॉक्टरला विचारून पाहावं, एवढं मनाशी ठरवलं आणि कामाच्या रेट्यात ते तसंच राहिलं.

आणि मग जयवंतचा फोन आला.

मी चामडं कापत होते. त्याचं नाव पडद्यावर पाहिलं आणि रापी खाली ठेवली. इतक्या काळाने आलेला फोन. मला वाटलं, त्याच्या घरात कुणाचं काही झालं. घाबरूनच उचलला.

"अक्का, यातून काय मिळालं तुला?" तो म्हणाला.

मला काही कळेना. मग तो सांगू लागला. त्याच्या जाहिरातीवर मिरजेतून कुणीतरी सारखं बोट ठेवत होतं. आज, उद्या, परवा, रोज. दिवसातून कितीतरी वेळा. प्रत्येक वेळी त्याच्या पैशांचं पाणी होत होतं आणि मिरजेतून एकही गिऱ्हाईक येत नव्हतं. त्याच्या जाहिराती सांभाळणाऱ्या माणसाने त्याला गावांची यादी काढून दाखवली, त्यात मिरज सगळ्यांत वर. धंद्यात तोटा व्हावा म्हणून कुणीतरी मुद्दाम हे करतं, असं त्या माणसाचं म्हणणं होतं.

"मी नाही केलं," मी म्हणाले.

"मग कोण करतंय? मिरजेत माझ्यावर एवढा राग कुणाचा आहे?"

"राग असता तर तोंडावर बोलले असते, जयवंत. असले लपूनछपून धंदे मला येत नाहीत."

"बरं," तो म्हणाला. "मिरज मी बंद केली आहे. आता तुझ्या गावात माझी जाहिरातच दिसणार नाही. बस दाबत." त्याने फोन ठेवला. आई कशी आहे, एवढंही त्याने विचारलं नाही, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

तसाच हातात फोन होता. मी रेवतीताईंना सांगितलं, सुरू करा. मिरजेतही आणि पुण्यातही. अण्णांचं नाव जो कोणी घालेल त्याला आधी मी दिसले पाहिजे. त्या म्हणाल्या, शैलाताई, रागात ठरवू नका. मी म्हणाले, मी ठरवूनच बोलते आहे.

दुसऱ्या दिवसापासून फोन वाजू लागला. सातारा, कराड, थेट पुण्यातूनही विचारणा येऊ लागल्या. आमच्या माणसांना बरं वाटलं. मी फोनवर अण्णांचं नाव घालून पाहत होते आणि आता वर माझं दुकान होतं. पाहून व्हायचं, तरी पुन्हा पाहावंसं वाटायचं. आनंद म्हणावा तर तसा तो नव्हता. पैज जिंकल्यावर समोरचा उठून निघून जावा, तसं काहीतरी होतं.

घरात आईचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. एरवी दुपारी ती कारखान्यात फिरकायची नाही. आता ताक द्यायला म्हणून यायची, पेला ठेवून तिथेच घुटमळायची. जेवणात लक्ष नव्हतं. भाकरी अर्धी टाकून उठायची. एकदा मशीनजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "शैला, दुकानं अशी एकाएकी बंद होतात का गं?"

"कुठलं दुकान?"

"कुठलंबी. आज चालू हाय, उद्या नाही. असं व्हतंय?"

आपल्या दुकानाची तिला काळजी पडली असं समजून मी तिला सांगितलं, की उलट आता कामं वाढली आहेत. तिने ऐकून घेतलं. जाता जाता, पाठ करूनच विचारलं, "जयवंतचं काय कळलं का तुला?" तो गेल्यापासून तिने त्याचं नाव पहिल्यांदा काढलं होतं. मी त्याच्या फोनचं तिला बोलले नव्हते. नाही, एवढंच म्हणाले.

त्यानंतर मागच्या खोलीतून अण्णांचं नाव जास्त वेळा ऐकू येऊ लागलं. एकापाठोपाठ एक. आवाजही चढा. आता डॉक्टरकडे न्यायचंच, असं मी मनाशी पक्कं केलं.

पण त्याआधीच एका सकाळी मी बाजारातून आले तर आई घरात नव्हती. देवळात नव्हती, मावशीकडे नव्हती. तिचा फोन लागत होता पण ती उचलत नव्हती. आमच्या माणसांना मी गल्लोगल्ली पाठवलं आणि स्वतः नदीच्या रस्त्याला गेले. त्या वाटेने का गेले ते मला विचारू नका. आपलंच नाव विसरलेली, अण्णांना हाका मारत फिरणारी आई माझ्या डोळ्यांपुढे होती. परत आले तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानदाराने सांगितलं, की आजी सकाळी पिशवी घेऊन स्टँडकडे गेल्या. नीट होत्या, लेकाकडे चालले म्हणाल्या.

दुपार टळल्यावर जयवंतचा फोन आला. "आई इथं आली आहे. तू ये." त्याचा आवाज बसलेला होता. मी काही विचारायच्या आत फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मी निघाले. सगळ्या वाटेवर मला एकच दिसत होतं, की त्याने तिला गुपचूप फोन करून बोलावून घेतलं. मला दुकानाच्या नावावरून हरवता आलं नाही, म्हणून आईला ओढलं. तिच्या त्या विचित्र प्रश्नांचा अर्थही मला आता लागल्यासारखा वाटत होता. ती जाण्याची तयारी करत होती आणि मी तिच्या डोक्यावर परिणाम झालाय असं समजत बसले होते. काय काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते. सातारा गेलं, घाट गेला, मला बाहेरचं काही दिसलं नाही. शेजारच्या बाईंनी एकदा विचारलं, तुम्हाला बरं वाटत नाही का. मी एकसारखी पायाने ठेका धरत होते, ते मला त्यांनी विचारल्यावर कळलं.

दुकान लहान होतं. काचेच्या दारावर अण्णांचं नाव. मी दार ढकललं. आई गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली होती, पाय स्टुलावर ठेवलेला, आणि जयवंत खाली बसून तिच्या पावलाचं माप घेत होता. त्याच्या डोक्यावरचे केस विरळ झाले होते. मागून तो अगदी अण्णांसारखा दिसत होता. वाटेत जुळवलेलं सगळं माझ्या तोंडातच राहिलं.

"बस अक्का," तो वर न बघता म्हणाला.

मी आईला विचारलं, "न सांगता कशाला आलीस? जीव टांगणीला लागला होता माझा."

"सांगितलं असतं तर येऊ दिलं असतंस?" आई म्हणाली. मग तिनेच सांगून टाकलं, "हा दिसंना झाला. कितीदा बघितलं, दिसंना. मला वाटलं, काय झालं का काय ह्याला."

"दिसेना म्हणजे? एरवी कुठं दिसत होता तो तुला?"

जयवंत म्हणाला, "आई, काल मला दाखवलंस तसं अक्काला दाखव."

तिने पदर सारखा केला, पिशवीतून फोन काढला. माझ्या मुलीने तिला कीर्तनं ऐकण्यासाठी तो घेऊन दिला होता आणि त्याच्याशी बोलून हवं ते कसं शोधायचं तेही शिकवलं होतं. तिने फोन तोंडाजवळ धरला. एकदा माझ्याकडे, एकदा जयवंतकडे पाहिलं, आणि मग आम्हा दोघांनाही टाळून भिंतीकडे बघत म्हणाली, "नरहरी आगवणे."

पडद्यावर नावं आली. पुण्यात मी पैसे भरले तरी वर अजून त्याचंच नाव होतं. तिने न वाचता सगळ्यांत वरच्या नावावर बोट ठेवलं. जयवंतची साइट उघडली आणि तो बोलायला लागला. नमस्कार, मी जयवंत नरहरी आगवणे. वडिलांनी मला हे काम शिकवलं. पायाच्या कुठल्याही अडचणीसाठी या, आमचं दुकान धनकवडीत शेवटच्या बसथांब्यासमोर आहे. एवढंच. आईचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. तिला ते सगळं पाठ होतं. पत्ता कुणाला न विचारता ती इथे कशी पोहोचली, ते मला तेव्हा समजलं.

"बघ. हितं दिसतोय," ती म्हणाली. "घरी दिसंना झाला. तुझंच दुकान यायलंय सारखं."

मी जयवंतकडे पाहिलं. त्याच्या हातात मापाची फीत होती आणि तो ती बोटाला गुंडाळत होता, सोडत होता.

"रोज बघायचीस?" मी आईला विचारलं.

"रोज म्हणजे, काम आटपलं की. कधी उठल्या उठल्या. एवढंसं बोलतंय, लगेच संपतंय. मग परत लावायचं."

"मग फोन करायचा होतास मला," जयवंत म्हणाला.

"फोन केला की बोलावं लागतंय," आई म्हणाली. "ह्यात नुसतं बघता येतंय."

सुवर्णा आतून चहा घेऊन आली होती, ती तशीच ट्रे धरून दारात उभी राहिली. मला जयवंतच्या फोनवरचा तो शब्द आठवत होता, कुणी मुद्दाम हे करतंय. मुद्दामच करत होती ती. परत तोंड दाखवू नकोस असं तिने ज्याला सांगितलं होतं, त्याचं तोंड ती दिवसातून कितीतरी वेळा बघत होती. आणि दर वेळी, तिला न कळता, त्याच्या खिशातून पैसे जात होते.

"पण तू बंद का झालास?" आईने त्याला विचारलं.

जयवंतने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. काय सांगू, असं त्याच्या डोळ्यांत होतं. मी अगदी थोडी मान हलवली. नाही.

"मशीन बिघडलं होतं, आई," तो म्हणाला. "आता करतो दुरुस्त."

तो उठून संगणकाशी बसला. मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. बंद केलेल्या गावांत मिरजेचं नाव होतं, ते त्याने काढून टाकलं. मग माझ्याकडे न वळता, आईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "अक्का, पण तिथं वर तू येतेस. मी खाली येईन. ती वरचंच दाबते."

मी बाहेर रस्त्यावर आले आणि रेवतीताईंना फोन लावला. जाहिरात बंद करा म्हटलं. त्या थोड्या वैतागल्या. आत्ता कुठं विचारणा येऊ लागल्या आहेत, म्हणाल्या, निदान मिरजेत तरी राहू द्या.

"मिरजेतच तर नको," मी म्हणाले. "मिरजेत त्याच्या वर मी नको."

"मग दुसरा रस्ता?"

"दुसरा."

"वेळ लागेल, शैलाताई."

"लागू दे."

आत आले तेव्हा जयवंत म्हणाला, "मी तुझ्यावर आळ घेतला." मी म्हटलं, "घेतलास." सुवर्णाने चहा दिला आणि तो आम्ही प्यालो.

आई त्याच्याकडे थोडे दिवस राहिली, नात तिला चिकटली, आणि मग नव्या मऊ चपला घालून ती मिरजेला परत आली. त्या दिवसानंतर आमच्यात सगळं सुरळीत झालं असं म्हणता येणार नाही. जागेचा विषय निघाला की अजूनही आवाज चढतात. पण तो दिवाळीला येतो, आणि अवघड पाय आला तर मला फोटो पाठवून विचारतो, मीही त्याला विचारते.

माझं ते वर्ष फार ओढाताणीचं गेलं. कामं पुन्हा कमी झाली. त्या काळात एका कारागिराने दुसरीकडे काम धरलं आणि मी त्याला थांबवू शकले नाही. रात्रीचा स्वयंपाक उरकला की मी बोलायची आणि माझी मुलगी लिहून घ्यायची. लहान मुलाचा पाय कागदावर कसा उतरवायचा. बूट काचतोय हे पायाला कळत नसेल तर डोळ्याने कसं तपासायचं. कॅलिपर कधी बदलायचा. अण्णा गिऱ्हाइकांना जे समोर बसवून सांगायचे तेच. बरेच महिने कुणी वाचतंय असं दिसेना. मी रेवतीताईंना विचारून विचारून भंडावून सोडलं. मग कधीतरी बार्शीच्या एका शिक्षकाचा फोन आला, की तुमचं वाचून मुलीच्या पायाचं माप घेतलंय, बरोबर आहे का बघाल? त्यानंतर असे फोन येत गेले. आज बाहेरगावी कुणी अण्णांचं नाव घातलं तर आम्ही दोघं एकाखाली एक येतो. कधी तो वर, कधी मी. त्यासाठी दोघांपैकी कुणाला काही भरावं लागत नाही, कारण जयवंतनेही त्याच्या साइटवर स्वतः लिहायला सुरुवात केली आणि अण्णांच्या नावावरची जाहिरात बंद केली.

एकदा रेवतीताई मला म्हणाल्या, तुमच्या भावाचं काहीतरी चुकतंय, त्यांना सांगा. सगळीकडची जाहिरात बंद केली आहे, पण मिरजेतली तेवढी चालूच राहिली आहे. पुण्यातल्या दुकानाला मिरजेत जाहिरात कशाला हवी? तिथून एक माणूस येत नसेल. मी म्हटलं, चुकलेलं नाही ते.

मिरजेच्या जाहिरातीतून जे पान उघडतं ते वेगळं आहे, हे मलाही उशिराच कळलं. बाकीच्यांना दिसतो तो जयवंत कामाची माहिती देतो. मिरजेला दिसणारा जयवंत दर थोड्या दिवसांनी बदलतो. कधी शर्ट नवा असतो, कधी शेजारी त्याची लेक असते. तो नमस्कार म्हणतो, नाव सांगतो, पत्ता सांगतो, आणि मग दुकानाशी काही संबंध नसलेलं काहीतरी बोलून थांबतो. गावातल्या एकदोघांनी मला विचारलंही, की तुमचा भाऊ गिऱ्हाइकांना जेवलात का असं का विचारतो?

आई त्याला फोन अजूनही फारसा करत नाही. केला तर हो, नाही, बरं, एवढं बोलून ठेवते. मागच्या हिवाळ्यात मी काहीतरी आणायला तिच्या खोलीत गेले, तेव्हा ती खाटेवर बसली होती. फोन उशीला टेकवून उभा केलेला. त्यात जयवंत सांगत होता, की थंडी वाढली आहे, रात्री पायात मोजे घालून झोपत जा.

"घालते रे," आई फोनला म्हणाली, आणि त्याने ते परत सांगावं म्हणून तिने पडद्यावर बोट ठेवलं.